मुंबईचे पक्षिमित्र एटकिनसाहेब



हिंवाळा सरत आला म्हणजे एखाद्या रविवारीं सकाळीं, ओहोटीची वेळ साधून, मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील शिवडीच्या धक्क्यावर जाऊन उभें राहावें. पाठीमागें गुदामें, मालमोटारींची घरघर आणि बंदराचा गलबला. डावीकडे, दूर माहुल व ट्रॉम्बे भागांत, तेलशुद्धीच्या कारखान्यांचीं धुराडीं आणि तेलाच्या अवाढव्य टांक्या. आणि खाडी ओलांडून न्हावा-शेव्याकडे गेलेला, २०२४ सालीं खुला झालेला, लांबच लांब पूल. मनुष्याच्या उद्योगानें चोहोंकडून वेढलेल्या अशा जागीं कोणता वन्य जीव राहूं इच्छील, असें मनांत येतें न येतें तोंच दृष्टि खालच्या चिखलाकडे वळते आणि पाहणारा थक्क होतो. तेथें हजारों रोहित पक्षी, ज्यांस हल्लीं फ्लेमिंगो या नांवानेंच पुष्कळजण ओळखतात, उंच तांबूस पायांवर उभे राहून, मान खालीं घालून व चोंच उलटी धरून, चिखलपाण्यांतील शेवाळ व बारीकसारीक जीव गाळून खात असतात. हा देखावा पाहण्यास शाळेंतील मुलें येतात, त्यांचे आईबाप येतात, आणि परगांवचे लोकही येतात.

पक्षी पाहावयाचे म्हणजे दूरच्या अरण्यांत जावें लागतें, त्यासाठीं पैसा व रजा हीं दोन्ही पाहिजेत, अशी आपल्यापैकीं बहुतेकांची समजूत असते. ती समजूत चुकीची आहे, पाहणाऱ्याला डोळे असले तर घराचें अंगण व गिरणीची भिंत हींसुद्धां पुरीं होतात, हें ज्यांनीं सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईकरांस दाखवून दिलें त्या एका गृहस्थांचें चरित्र आज आपणांपुढें ठेवावयाचें आहे. त्यांचें नांव एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. ते आपल्या लेखनाखालीं नांवाचीं ई, एच्, ए, एवढींच आद्याक्षरें घालीत. तीं जोडून वाचक त्यांस ‘ईहा’ म्हणूं लागले. संस्कृतांत ईहा म्हणजे इच्छा, खटपट, ध्यास. हा निव्वळ योगायोग खरा. परंतु ज्या मनुष्याचा सारा जन्म पाहण्याच्या ध्यासांत गेला त्यास याहून शोभणारें नांव विचार करूनही सांपडलें नसतें.

एटकिनसाहेबांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजीं सातारा येथें झाला. त्यांचे वडील रेव्हरंड जेम्स एटकिन हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते. त्या काळीं हिंदुस्थानांत राहणारे युरोपियन लोक आपलीं मुलें जरा मोठीं झालीं कीं त्यांस शिक्षणासाठीं विलायतेस धाडीत. या मुलाच्या बाबतींत तसें झालें नाहीं. वडिलांनीं त्यास येथेंच ठेवून स्वतः शिकविलें. त्यामुळें त्याची पहिली ओळख झाली ती याच देशाच्या मातीशीं, येथील पावसाशीं आणि येथील पांखरांशीं. आपल्या पूर्वजांची भूमि त्यांनीं पाहिली ती पुष्कळ मोठेपणीं. आणि तेथील थंडी त्यांस फार कडक वाटली.

घरच्या शिक्षणानें ते कोठेंही मागें पडले नाहींत. मुंबई विश्वविद्यालयाच्या बी. ए. व एम्. ए. या दोन्ही परीक्षांत त्यांचा पहिला क्रमांक आला. १८७० पासून १८७६ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत ते लॅटिन भाषा शिकवीत असत. ग्रीक भाषाही त्यांस इतकी अवगत होती कीं नवा करार मूळ ग्रीकांत ते कोशाच्या मदतीवांचून वाचीत. १८८० सालीं एका कवितेबद्दल विश्वविद्यालयाचें होमजी करसेटजी पारितोषिक त्यांस मिळालें. अशा विद्वानानें पुढें एखाद्या विद्यालयांत मोठी जागा मिळवून सुखानें राहावें, असेंच कोणासही वाटलें असतें. परंतु १८७६ च्या एप्रिल महिन्यांत ते मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यांत दाखल झाले, आणि लॅटिन काव्यांतून उठून थेट मिठाच्या राशींपाशीं येऊन बसले.

या खात्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मिठावर सरकारचा कर असे, आणि तो गरिबांतील गरीब माणसालाही चुकत नसे. तो बुडवूं नये म्हणून आगरांवर, बंदरांवर व सरहद्दीवर चौक्या बसविलेल्या असत. या कराचा जाच लोकांस किती झाला होता हें पुढें १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहानें जगास दिसलें. मुंबईंत वडाळ्याच्या मिठागरांवरही त्या वेळीं लोकांनीं चाल केली. एटकिनसाहेब या खात्याचे अधिकारी होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांतून वगळतां येत नाहीं. मात्र याच नोकरीमुळें त्यांस अशा ठिकाणीं राहावें लागलें, जेथें सुखवस्तु मनुष्य सहसा फिरकत नाहीं. त्या ठिकाणांचें त्यांनीं काय केलें, हेंच आपणांस पाहावयाचें आहे.

त्यांपैकीं एक ठिकाण म्हणजे कच्छच्या छोट्या रणाच्या कडेचें खाराघोडा. तेथें रणांत खड्डे खणून जमिनीखालचें खारें पाणी वर काढतात, तें उथळ वाफ्यांत पसरतात, आणि ऊन व वारा यांच्या योगानें पाणी आटून तळाशीं मिठाचे जाड खडे धरतात. सभोंवार मैलच्या मैल झाडाचें नांव नाहीं. धुळीचे लोट, उन्हाचा ताप आणि मिठाचे डोंगर. असल्या ठिकाणीं बदली झाली कीं पुष्कळ अधिकारी नशिबास बोल लावीत दिवस ढकलीत. एटकिनसाहेबांनीं मात्र आपल्या बंगल्याच्या ओसरीवर खुर्ची टाकली आणि आजूबाजूस कोण कोण राहतें तें पाहण्यास आरंभ केला. उंदीर, पाली, मुंग्या, गांधिलमाशा, कोळी, बेडूक, वटवाघळें, कावळे; ज्यांस आपण केरसुणीनें झाडून टाकतों ते सर्व त्यांचे शेजारी झाले.

त्या काळीं सरकारास वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांची मोठी चिंता असे, व वर्तमानपत्रें त्यांच्या हल्ल्यांच्या हकीकतींनीं भरलेलीं असत. एटकिनसाहेबांनीं त्याच गंभीर भाषेंत या घरगुती प्राण्यांच्या स्वाऱ्या वर्णिल्या, आणि त्या पुस्तकास ‘ट्राइब्स ऑन माय फ्रंटियर’, म्हणजे ‘माझ्या सरहद्दीवरील टोळ्या’, असें नांव दिलें. खाराघोड्याचें नांव त्यांनीं बदलून धुळीचें नगर अशा अर्थाचें ठेविलें होतें. १८८३ सालीं निघालेलें हें पुस्तक वाचून लोक पोट धरधरून हंसले. परंतु हंसतां हंसतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं या थट्टेच्या मुळाशीं बारीक निरीक्षण आहे. पाल माशीवर झडप कशी घालते, हें या लेखकानें रात्रींच्या रात्रीं जागून पाहिलें आहे.

त्याच वर्षीं, म्हणजे १५ सप्टेंबर १८८३ रोजीं, मुंबईस भायखळ्याच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालयांत आठ गृहस्थ एकत्र जमले. हेंच संग्रहालय आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नांवानें ओळखलें जातें. आपापल्या नोंदी एकमेकांस दाखवाव्या, नमुने जपून ठेवावे, व सृष्टिज्ञानाची वाढ करावी, या हेतूनें त्यांनीं एक मंडळी स्थापन केली. तीच सुप्रसिद्ध बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी होय. त्या आठांत एटकिनसाहेब होते. त्यांच्या शेजारीं आपले दोन महाराष्ट्रीय डॉक्टरही होते: प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, आणि वनस्पतिशास्त्रांत निष्णात असलेले डॉ. सखाराम अर्जुन. दुसऱ्या वर्षाच्या आरंभीं या मंडळीस कोटांतील फिप्सन नामक मद्यव्यापाऱ्याच्या पेढींत जागा मिळाली, आणि १८८६ पासून तिचें नियतकालिक निघूं लागलें. तें आजतागायत चालू आहे. स्थापनेच्या वर्षींच एटकिनसाहेबांचा विवाहही झाला; पुढें त्यांस दोन पुत्र व तीन कन्या झाल्या.

नोकरीच्या फिरतींत त्यांस मुंबई बंदराच्या पलीकडील उरण येथेंही राहण्याचा योग आला. उरण तेव्हां मिठागरें व दारूच्या भट्ट्या यांविषयीं प्रसिद्ध होतें. कोंकणच्या मिठागराची रीत खाराघोड्याहून निराळी. उधाणाच्या भरतीचें पाणी उघाडींतून आंत घ्यावयाचें, बांध घालून तें अडवावयाचें, आणि एका खाचरांतून दुसऱ्यांत सोडीत सोडीत शेवटीं लहान वाफ्यांत आटवावयाचें. आगरी लोकांचे बांधव पिढ्यान्‌पिढ्या हें कष्टाचें काम करीत आले आहेत. मिठागर हा कारखानाच, परंतु त्यास धुराडें नाहीं. तेथें ऊन हेंच सरपण. आणि त्या उथळ, खाऱ्या, ऊबदार पाण्यांत सूक्ष्म शेवाळ व किडे इतके माजतात कीं हिंवाळ्यांत उत्तरेकडून येणाऱ्या पांखरांना तें भरलें ताटच होय. शेकाट्या, चिखल्या, तुतवार, कुरव, बगळे यांची तेथें दाटी होते. मनुष्य आपल्या पोटासाठीं जें करतो त्यांतून कधीं कधीं पांखरांच्याही पोटाची सोय होते, हें ज्याला पाहावयाचें असेल त्याला मिठागरासारखी शाळा नाहीं.

पुढें कारवाराकडे व गोव्याच्या सरहद्दीवर असतांना घनदाट जंगलाचा शेजार मिळाला, आणि त्यावर १८९४ सालीं त्यांनीं ‘ए नॅचरॅलिस्ट ऑन द प्राउल’ हें पुस्तक लिहिलें. १८९८ सालच्या ‘द फाइव्ह विंडोज ऑफ द सोल’ या पुस्तकांत पंचेंद्रियें हीं आत्म्याचीं पांच गवाक्षें कल्पून त्यांतून मनुष्यास काय दिसतें याचा त्यांनीं विचार केला आहे. तत्पूर्वी १८८९ सालीं निघालेल्या ‘बिहाइंड द बंगलो’ या पुस्तकांत मात्र त्यांनीं घरच्या नोकरचाकरांचीं शब्दचित्रें काढलीं. तीं चटकदार आहेत. तरी आज तीं वाचतांना त्या हंसण्यांत राज्यकर्त्याचा ताठा कोठें कोठें डोकावतो असें वाटल्यावांचून राहत नाहीं. मुंगीकडे इतक्या आपुलकीनें पाहणाऱ्या डोळ्यांनीं माळ्याच्या व धोब्याच्या सुखदुःखाकडेही तितक्याच आपुलकीनें पाहिलें असतें तर फार बरें झालें असतें. थोरांच्या चरित्रांतून त्यांचे गुण घ्यावे, तसेच त्यांचे दोषही ओळखावे.

आतां आपण त्यांच्या ज्या पुस्तकासाठीं मुंबईकरांनीं त्यांचें ऋणी असावें त्याकडे वळूं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांतील मुंबई डोळ्यांपुढें आणा. १८५० नंतरच्या दशकांत पहिली कापडगिरणी निघाली, आणि शतक संपतां संपतां ७० हून अधिक गिरण्या शहरांत उभ्या राहिल्या होत्या. परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत धुराड्यांचें रान माजलें होतें. भोंगा झाला कीं घाटावरून व कोंकणांतून आलेले हजारों कामगार चाळींतून बाहेर पडत, आणि सूर्य धुराआड मावळत असे. त्यांत १८९६ सालीं प्लेगची सांथ आली व घरेंच्या घरें ओस पडलीं. अशा शहरांत कोणी पक्ष्यांविषयीं लिहील, हेंच नवल.

एटकिनसाहेबांनीं लिहिलें. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ या पत्रांत ते पुष्कळ वर्षें लिहीत आले होते. १९०० सालीं त्यांचें ‘कॉमन बर्ड्‌स ऑफ बॉम्बे’ हें पुस्तक निघालें. मराठींत त्यास ‘मुंबईंतील नित्य परिचयाचे पक्षी’ म्हणतां येईल. त्यापूर्वीचे पक्षिग्रंथ मोठमोठे व जाडे होते. त्यांत पिसांचीं मापें व लॅटिन नांवें असत, आणि पक्षी ओळखावयाचा तर आधीं तो मारून हातांत घ्यावा, अशीच बहुधा त्या विद्वानांची रीत होती. एटकिनसाहेबांचा वाचक निराळा. तो कचेरींत जाणारा, बंदूक नसलेला, लॅटिन न जाणणारा साधा मनुष्य. म्हणून त्यांनीं पक्ष्याचें वर्णन केलें तें रस्त्यानें जाणाऱ्यास तो जसा दिसतो तसें: आकार केवढा, चाल कशी, आवाज कोणता, बसतो कोठें, खातो काय आणि त्याचा स्वभाव कसा. कावळा, घार, चिमणी, साळुंकी, दयाळ, तांबट, खंड्या. ज्यांस आपण दररोज पाहतों आणि म्हणूनच कधीं पाहत नाहीं, अशा पांखरांस त्यांनीं नांवानिशीं वाचकांच्या स्वाधीन केलें.

हें त्यांचें खरें कार्य होय. दुर्मिळ पक्षी शोधून काढणारास कीर्ति मिळते. परंतु नित्याचा पक्षी दाखवून देणारा दुसऱ्याला दृष्टि देतो. पाहण्याची संवय लागलेला मनुष्य गिरणीच्या दारांतही दरिद्री नसतो. वाघ पाहण्यास पैसा लागतो. घार पाहण्यास मान वर करावी लागते, एवढेंच.

त्यांची पाहण्याची संवय केवळ मौजेची नव्हती, ती लोकांच्या कामासही आली. गोव्याच्या सरहद्दीवर जकातखात्याच्या चौक्यांतील शिपाई हिंवतापानें सारखे आजारी पडत. हा ताप डासामुळें पसरतो, याचा शोध रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबाद येथें लावला होता. १९०२ सालीं सरकारानें एटकिनसाहेबांस त्या चौक्यांची पाहणी करण्यास पाठविलें. ते रानांतून हिंडले, डबकीं व ओढे धुंडाळले, आणि शिपायांस त्या डासांच्या शेजारापासून दूर कसें नेतां येईल याचा विचार केला. याच फिरतींत त्यांस हिंवतापी डासांच्या कुळांतील एक नवी जात आढळली. पुढें मेजर जेम्स या शास्त्रज्ञानें तिला त्यांचेंच नांव दिलें. ज्यानें आयुष्यभर डासांची थट्टा केली, त्याचें नांव एका डासानेंच चिरंजीव करावें, ही गंमत त्यांस स्वतःस फार आवडली असेल, यांत शंका नाहीं.

१९०३ सालीं ते कराचीस जकात व मीठ खात्याचे मुख्य अधिकारी झाले, व १९०५ सालीं सिंध प्रांताचें गॅझेटियर तयार करण्याचें काम त्यांजकडे आलें. १९०६ सालीं त्यांनीं पेन्शन घेतलें, १९०७ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९०९ च्या एप्रिल महिन्यांत स्कॉटलंडमध्यें एडिंबरो येथें त्यांचें निधन झालें. तेव्हां त्यांचें वय अवघें ५७ वर्षांचें होतें. साताऱ्यास उगवलेलें आयुष्य अशा रीतीनें उत्तरेच्या थंड मुलुखांत मावळलें.

परंतु दिवा विझण्यापूर्वी त्यानें दुसरा दिवा पेटविला होता. त्याच सुमारास मुंबईंतील खेतवाडीचा एक लहान मुलगा हवेच्या बंदुकीनें चिमण्या मारीत असे. एके दिवशीं त्यानें पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी, हें विचारण्यासाठीं तो भीत भीत नॅचरल हिस्ट्री सोसायटींत गेला. तेथील चिटणीस मिलर्डसाहेब यांनीं त्याला पक्षी ओळखून दिला, कपाटांतील शेंकडों नमुने दाखविले, आणि वाचण्यास कांहीं पुस्तकें दिलीं. त्यांत एटकिनसाहेबांचें मुंबईच्या पक्ष्यांवरील पुस्तक होतें. तो मुलगा म्हणजेच पुढें जगप्रसिद्ध झालेले डॉ. सलीम अली. १९४१ सालीं निघालेलें त्यांचें हिंदी पक्ष्यांवरील पुस्तक आज घरोघर आहे. आणि एटकिनसाहेबांच्या त्या जुन्या पुस्तकाची पुढें नवी आवृत्ति निघाली तेव्हां तिला टीपा जोडण्याचें कामही सलीम अलींनींच केलें. शिष्यानें गुरूचें मुख पाहिलें नव्हतें. पण विद्या पोंचली.

येथें एक दुःखाची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. एटकिनसाहेबांच्या काळच्या नित्य परिचयाच्या पक्ष्यांत गिधाडेंही होतीं. मलबार टेकडीवरील पारशी लोकांच्या दोखम्यांभोवतीं, कत्तलखान्यांपाशीं, शहराबाहेरच्या उकिरड्यांवर तीं शेंकड्यांनीं बसलेलीं असत. त्यांची कोणास आवड नव्हती, आणि तीं कधीं दिसेनाशीं होतील अशी कोणास कल्पनाही नव्हती. १९९० नंतरच्या दशकांत तीं देशभर पटापट मरूं लागलीं. गुरांच्या दुखण्यावर देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक नामक औषध मेलेल्या जनावरांच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जाऊन त्यांचीं मूत्रपिंडें निकामीं करतें, असें २००४ सालीं सिद्ध झालें. २००६ सालीं गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. परंतु तोंपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक नाहींशीं झालीं होतीं. एटकिनसाहेबांनीं मिळून स्थापिलेली सोसायटीच आज हरियाणांतील पिंजोर येथें व अन्यत्र गिधाडांचीं पिलें वाढविण्याच्या कार्यांत झटत आहे, आणि तेथील कांहीं गिधाडें २०२४ सालीं आपल्या महाराष्ट्रांतील ताडोबा व पेंच येथें आणण्यांत आलीं.

यावरून काय शिकावयाचें? नित्याचें म्हणून जें आपण गृहीत धरतों तें नित्य राहील याची हमी कोणी दिलेली नाहीं. गिधाडें हजारोंनीं होतीं तेव्हां तीं मोजावीं असें फार थोड्यांस वाटलें. म्हणून तीं कमी होऊं लागलीं तेंही प्रथम कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. ज्याची नोंद असते त्याचीच उणीव भासते.

आतां पुन्हां शिवडीच्या धक्क्याकडे येऊं. येथील रोहित पक्षी १९९० नंतरच्या काळांत मोठ्या संख्येनें येऊं लागले. त्यांचीं पिलें वाढतात तीं कच्छच्या व छोट्या रणाच्या खाऱ्या मुलुखांत, म्हणजे ज्या रणाच्या कडेला एटकिनसाहेब एकेकाळीं मिठाच्या राशी मोजीत होते तिकडेच. खाडींतील चिखलावर शेवाळ उदंड वाढतें. शहराच्या सांडपाण्यानें त्यास खत मिळतें, असें अभ्यासक सांगतात. परंतु ज्या पाण्यानें अन्न वाढतें त्याच पाण्यांतून कारखान्यांचें विषही येतें. ठाण्याच्या खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं रोहित पक्ष्यांसाठीं अभयारण्य ठरविण्यांत आला, व २०२२ सालीं त्यास जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत स्थान मिळालें. तथापि उरणकडे १९८९ सालीं मोठें बंदर सुरू झालें, आणि त्या बाजूच्या कितीएक मिठागरांवर व पाणथळींवर भराव पडला. गिरण्या गेल्या, बंदरें आलीं. शहर तर वाढणारच. त्या वाढींत पांखरांच्या वांट्याला चार बांध व थोडा चिखल ठेवावयाचा कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर आज या शाळेच्या बांकांवर बसलेल्या मुलांनाच उद्यां द्यावें लागेल.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस एकच विनंति आहे. येत्या सुटींत एक कोरी वही घ्यावी. घराच्या खिडकींतून, शाळेच्या पटांगणांतून, कारखान्याच्या कुंपणाजवळून, जेथून दिसेल तेथून अर्धा तास पाहावें. तारीख लिहावी, वेळ लिहावी, भरती होती कीं ओहोटी तेंही लिहावें. आणि पुढें जे पक्षी दिसले त्यांचीं नांवें व संख्या मांडावी. दगड मारूं नये, आरडाओरडा करूं नये, व जें दिसलें नाहीं तें लिहूं नये. नांव ठाऊक नसेल तर पक्ष्याचा आकार व चाल लिहून ठेवावी. नांव मागाहून सांपडतें. आरंभ कावळ्यापासून केला तरी चालेल. कचेरीचा खुर्चीवर बसणारा एक मीठखात्याचा अधिकारी अशाच नोंदी करीत करीत मुंबईचा पक्षिमित्र झाला.